मोटारीचें पांचवें चाक

मोटारीच्या डिकींत ठेवलेल्या जादा चाकाला महाराष्ट्रांत लहानथोर सर्वजण ‘स्टेपनी’ म्हणतात. शब्द ऐकतांना इंग्रजी वाटतो. पण इंग्लंडांत आज तो क्वचितच कोणाच्या तोंडीं येईल. भारतांत, बांगलादेशांत आणि माल्टा बेटांत मात्र तो अजून घट्ट रुजून राहिला आहे. त्याचें मूळ वेल्समधील लानेली या गांवीं सांपडतें. तेथील स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर टॉम व वॉल्टर डेव्हिस या बंधूंचा व्यवसाय होता, आणि १९०४ सालीं त्यांनीं जी युक्ति काढली, तिला त्या रस्त्याचेंच नांव मिळालें.

त्या काळच्या मोटारीचें चाक आंसापासून आजच्यासारखें सहज सुटत नसे. चाकांत खिळा शिरला म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून टायर रिमवरून उपसावयाचा, आंतील ट्यूबला ठिगळ लावावयाचें, आणि हातपंपानें पुन्हां हवा भरावयाची, असा सारा खटाटोप करावा लागे. डेव्हिस बंधूंनीं आरे नसलेली एक रिम तयार केली, तिच्यावर हवा भरलेला टायर चढविला, आणि पंक्चर झालेल्या चाकाच्या अंगाला ती चापांनीं आवळून बसविण्याची सोय केली. मूळ चाक जागचें हलवावयाचें नाहीं. त्याचा भार तेवढा या शेजाऱ्यानें वाहावयाचा, आणि गाडी दुरुस्तीच्या ठिकाणीं पोंचली कीं त्यानें बाजूला व्हावयाचें. म्हणजे जगांतील पहिली स्टेपनी मुळांतच तात्पुरती होती.

पुढें चाकें नट फिरवून काढतां येऊं लागलीं, आणि स्टेपनी हें नांव पूर्ण आकाराच्या पांचव्या चाकाकडे गेलें. अँबॅसडर किंवा फियाट गाडींत वाढलेल्या पिढीला हें पांचवें चाक इतर चार भावांसारखेंच असावयाचें, हें गृहीत होतें. तें चढवावें, उरलेला प्रवास पुरा करावा, आणि पंक्चर पुढच्या आठवड्यांत सवडीनें काढून घ्यावें, असा त्या घरांचा रिवाज होता, आणि त्या चाकाच्या बाबतींत तो फारसा चुकीचाही नव्हता. आजच्या पुष्कळ गाड्यांत मात्र पांचवें चाक इतर चारांच्या जोडीचें राहिलेलें नाहीं. डिकींत जागा अधिक मिळावी, गाडीचें वजन घटावें आणि खर्चही वांचावा, म्हणून कारखानदार आतां लहान किंवा अरुंद चाक देतात. वस्तु बदलली, नांव आणि संवय मात्र जुनींच राहिलीं. आजच्या स्टेपनीचा धोका बहुतांशीं या जुन्या संवयींत आहे.

तेव्हां पहिली गोष्ट म्हणजे आपल्या गाडींतील पांचवें चाक कोणत्या जातीचें आहे, हें पंक्चर होण्यापूर्वींच पाहून ठेवणें. तें ओळखण्याच्या खुणा अवघड नाहींत. चारही चाकांच्या टायरच्या बगलेवर रुंदी, उंचीचें प्रमाण आणि रिमचा व्यास यांचे आंकडे उठविलेले असतात. ते डिकींतील टायरवरील आंकड्यांशीं ताडून पाहावे. चार चाकें १६ इंची मिश्रधातूचीं आणि पांचवें १४ किंवा १५ इंची साध्या पोलादाचें, असा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो. आंकड्यांच्या आधीं ‘टी’ हें रोमन अक्षर असेल, तर तो टायर केवळ तात्पुरत्या उपयोगासाठीं बनविलेला आहे असें समजावें. अशा चाकांसंबंधीं संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ६४ वा नियम आहे. त्यांत वेगाची ताकीद चाकावर ठळकपणें दिसावी अशी अट आहे. म्हणूनच बहुतेक तात्पुरत्या चाकांवर ८० चा आंकडा असलेली रंगीत चकती चिकटविलेली दिसते. तिचा अर्थ, ताशीं ८० किलोमीटरपेक्षां अधिक वेगानें जाऊं नये. ताशीं ८० नें खुशाल जावें असा तिचा अर्थ नव्हे. रस्ता कोरडा, सपाट आणि मोकळा असतां जी कमाल मर्यादा, ती ही होय. पावसांत, खडबडीत रस्त्यावर किंवा वळणावर वेग त्याच्याही पुष्कळ खालीं असला पाहिजे.

आतां एक प्रसंग कल्पावा. नाशिकचें एक कुटुंब घरच्या लग्नाची पैठणी घेण्यास येवल्यास आलें आहे. आजी, आई-वडील आणि दोन मुलें अशीं पांच माणसें गाडींत आहेत. मागावरचें काम पाहण्यांत आणि काठ-पदर निवडण्यांत दिवस गेला. उन्हें कलतां कलतां गाडी नाशिकच्या रस्त्याला लागली. येवला सोडून सुमारें दहा किलोमीटर झाले असतील, विंचूर अजून पुढें आहे, तोंच पुढील डावें चाक बसलें. वडिलांनीं व मुलानें मिळून डिकींतील चाक चढविलें. पुढें नाशिक सुमारें सत्तर किलोमीटर. मागें येवला दहा. घरीं पाहुणे वाट पाहत आहेत. आजी म्हणतात, “अरे, आतां चाक बसलें ना? मग दिवेलागणीला घरीं पोंचूं, चल.” मुलगा म्हणतो, “बाबा, या चाकावर ऐंशी किलोमीटर जातां येतें असें पुस्तकांतच लिहिलें आहे; घर तर सत्तरावरच आहे.”

दोघांचेंही बोलणें वरवर रास्त दिसतें. अनेक कारखानदार वेगाप्रमाणें अंतराचीही सुमारें ८० किलोमीटरची मर्यादा घालतात, हें खरें आहे. तरीही वडिलांनीं गाडी उलट वळवून येवल्याकडे न्यावी, हेंच शहाणपणाचें होय. तात्पुरतें चाक घर गांठण्यासाठीं दिलेलें नसतें. तें जवळांत जवळचें दुरुस्तीचें दुकान गांठण्यासाठीं दिलेलें असतें. तें दुकान कधीं वाटेवर पुढें असतें, तर कधीं मागें. मागें असेल तर मागें फिरणें हाच त्या चाकाचा खरा उपयोग.

याची कारणें चाकाच्या घडणींतच आहेत. नेहमींच्या टायरची रुंदी २० सेंटिमीटरच्या आसपास असते. अरुंद तात्पुरत्या टायरची सुमारें साडेबारा. गाडीनें रस्ता धरून ठेवावयाचा तो टायरच्या एवढ्याशा पट्टीवर. ती पट्टी एका कोपऱ्यांत अरुंद झाली, कीं ब्रेक दाबल्यावर गाडी थांबावयास अधिक अंतर घेते आणि एका बाजूला ओढ घेऊं शकते. ओल्या रस्त्यावर हा फरक अधिक जाणवतो. त्यांतच वेगाचें गणित असें आहे कीं, वाढ थोडी दिसली तरी गाडीच्या अंगचा जोर वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० च्या जागीं १०० किलोमीटरनें गाडी जाऊं लागली तर वेग सव्वापट झाला. पण ब्रेकांनीं शोषावयाचा जोर दीडपटीहून अधिक झाला.

दुसरें कारण चाकाच्या व्यासाचें. समजा, नेहमींचें चाक ६५ सेंटिमीटर व्यासाचें आहे आणि तात्पुरतें ६० चें. पहिल्याला एक किलोमीटर तोडण्यास सुमारें ४९० फेरे लागतात, तर दुसऱ्याला सुमारें ५३१. दर किलोमीटरला एकेचाळीस फेरे जास्त. आणि ऐंशी किलोमीटरांत सव्वातीन हजारांहून अधिक. हे जादा फेरे फुकट जात नाहींत. गाडी वळते तेव्हां बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. तें साधावें म्हणून चालक आंसाच्या मध्यभागीं डिफरन्शियल नांवाची दांतेरी चक्रांची योजना असते. सरळ रस्त्यावर तिच्यांतील लहान चक्रें जवळजवळ स्वस्थ असतात. एका बाजूचें चाक लहान असलें म्हणजे मात्र त्यांना सरळ रस्त्यावरही क्षणभर विसांवा मिळत नाहीं. तीं सतत घासतात, तेल तापतें, आणि अंतर लांबलें तर झीज होते. शिवाय चाकें जखडूं नयेत म्हणून आजच्या गाड्यांत जी ब्रेकची यंत्रणा असते, ती चारही चाकांचे फेरे मोजूनच काम करते; एक चाक सारखें अधिक फिरूं लागलें तर तिचा हिशेब चुकूं शकतो. गाडीची ती बाजूही दोन-अडीच सेंटिमीटर खालीं येते, म्हणून उंच गतिरोधक आणि खड्डे सांभाळावे लागतात.

तिसरें कारण अगदीं साधें आहे, पण नेमकें तेंच विसरलें जातें. पांचवें चाक चढविल्यानंतर गाडींत सहावें चाक नसतें. पुढील सत्तर किलोमीटरांत दुसरा खिळा लागला, तर आजी व मुलांसह तें कुटुंब अंधारांत, रस्त्याच्या कडेला, कांहींच हातीं नसलेल्या अवस्थेंत उभें राहील. हा रस्ता कांद्याच्या ट्रॅक्टरांचा आहे. मनमाड-कोपरगांव रस्त्यावर शिर्डीच्या यात्रेकरूंच्या गाड्यांची आणि गळिताच्या हंगामांत साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या वाहनांची वर्दळ असते. मागचा दिवा नसलेली ट्रॉली रात्रीं अचानक समोर येते, तेव्हां ब्रेक पुरेपूर लागणें हीच एक गोष्ट हातीं उरते; आणि अरुंद चाकानें तीच उणी केलेली असते.

आतां या सावधगिरीची किंमत काय, तेंही मोजून पाहावें. तात्पुरत्या चाकावर ताशीं साठ किलोमीटरनें गेलें तर सत्तर किलोमीटरांस एक तास दहा मिनिटें लागतील. मागें येवल्यास दहा मिनिटें, पंक्चर काढून मूळ चाक बसविण्यास सुमारें पस्तीस मिनिटें, आणि मग त्याच वेगानें पूर्ण ऐंशी किलोमीटरांस एक तास वीस मिनिटें. एकूण दोन तास पांच मिनिटें. फरक जेमतेम एका तासाचा. पाहुण्यांना फोनवर कळविलें कीं तो तास कोणालाही जड जाणार नाहीं.

चाक बदलण्याच्या कामांत घाईमुळेंच बहुधा अपघात होतात. म्हणून त्याचा क्रम पक्का ठाऊक असावा. चाक बसल्याचें कळतांच ब्रेक जोरानें दाबूं नये. सुकाणूं घट्ट धरून वेग हळूहळू उतरूं द्यावा आणि गाडी रस्त्याच्या शक्य तितकी बाहेर, सपाट व टणक जागीं न्यावी. जागा मिळविण्यासाठीं बसलेल्या चाकावर हळूहळू थोडें अंतर जावें लागलें, तरी रहदारींत उभें राहण्यापेक्षां तें बरें. टायर गेला तर पैशांनीं नवा मिळतो. मग चारही बाजूंचे लुकलुकणारे दिवे लावावे, आणि गाडीबरोबर मिळालेला तांबडा त्रिकोण मागें सुमारें पन्नास मीटरांवर ठेवावा. गाडींतील सर्व माणसांनीं खालीं उतरून रस्त्यापासून दूर, शेताच्या बाजूला उभें राहावें. आजींनाही उन्हाचें किंवा थंडीचें निमित्त सांगून गाडींत बसवून ठेवूं नये; जॅकवर चढविलेल्या गाडींत कोणीही असतां कामा नये.

येवल्याच्या परिसरांतील काळी जमीन येथें विशेष लक्षांत घ्यावयास हवी. उन्हाळ्यांत ती दगडासारखी टणक भासते; पण पावसाळ्यांत तिच्यांत जॅकचा पाया पाहतां पाहतां रुततो, आणि गाडी एका अंगावर कलते. यासाठीं एक वीतभर रुंद जाड फळी डिकींत कायम ठेवावी आणि ती जॅकखालीं घालावी. हातब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्यें टाकावी, आणि जें चाक काढावयाचें त्याच्या तिरकस समोरील चाकाला दगडाची उटी लावावी. नट जमिनीवर असतांनाच पान्यानें अर्धा फेरा सैल करावे. गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरण्याचा धोका असतो. जॅक लावण्याच्या जागा कारखानदारानें गाडीच्या खालच्या कडेला खांचा पाडून दाखविलेल्या असतात. अन्यत्र लावला तर पत्रा दबतो. गाडी वर असतां तिच्याखालीं हात-पाय घालूं नयेत. काढलेलें चाक आडवें करून गाडीच्या कडेखालीं सरकवून ठेवावें. जॅक घसरलाच तर गाडी त्या चाकावर टेकते.

नवें चाक चढविल्यावर नट प्रथम हातानें फिरवून बसवावे. त्यांची निमुळती बाजू चाकाकडे असावी. आट्यांवर तेल लावूं नये. मिश्रधातूच्या चाकाचे आणि पोलादी चाकाचे नट कांहीं गाड्यांत वेगळे असतात. तसें असल्यास गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें असतें. गाडी खालीं उतरविल्यावर नट ओळीनें न आवळतां समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे, म्हणजे चाक सर्व बाजूंनीं सारखें बसतें. थोड्या किलोमीटरांनीं सुरक्षित जागीं थांबून ते पुन्हां एकदां पारखावे.

पंक्चर झालेलें चाक पुढील असेल तर आणखी एक विचार करावा लागतो. आजच्या बहुतेक लहान मोटारी पुढील चाकांनीं चालतात. ओढण्याचें, वळण्याचें आणि ब्रेकाचें बरेंचसें ओझें पुढील दोन चाकांवरच असतें. अशा गाडींत तात्पुरतें चाक पुढें लावण्यापेक्षां मागें लावणें बरें. त्यासाठीं प्रथम मागील एक चांगलें चाक काढून त्या जागीं तात्पुरतें लावावें, आणि मग तें चांगलें चाक पुढें न्यावें. मागील चाकांनीं चालणाऱ्या गाडींत याचा विचार उलट होतो, आणि चारही चाकांनीं चालणाऱ्या गाडींत पुस्तिकेंतील सूचनाच प्रमाण मानावी. मात्र जागा अरुंद असेल, अंधार पडला असेल, किंवा रहदारी अंगावरून जात असेल, तर दोन चाकांच्या अदलाबदलीसाठीं दुप्पट वेळ रस्त्यावर बसणें हाच मोठा धोका होय. अशा वेळीं तात्पुरतें चाक पुढें लावून अगदीं सावकाश दुकान गांठावें. कल्पिलेल्या कुटुंबानें दहा किलोमीटर मागें जाण्यासाठीं तसें केलें तर तें क्षम्य आहे. सत्तर किलोमीटर पुढें जाण्यासाठीं नव्हे.

रस्त्याला लागल्यावर नियम थोडे आहेत. वेग मर्यादेच्या आंत, पुढील वाहनापासून नेहमींच्या दुप्पट अंतर, वळणाआधीं वेग कमी, आणि एकदम ब्रेक किंवा सुकाणूंस हिसका नाहीं. ठराविक वेग आपोआप राखणारी कळ दाबूं नये. टपावर किंवा डिकींत भारी सामान असेल तर तें कमी करावें. मागें कांहीं ओढून नेऊं नये. एका वेळीं असें एकच चाक गाडीला लावावें. शेजाऱ्याच्या गाडींतील चाक उसनें घेऊन दुसऱ्या बाजूला लावण्याचा मोह टाळावा, कारण आकार, छिद्रें आणि दाब जुळतीलच असें नाहीं. शक्य तों द्रुतगति मार्गावर चढूं नये. वैजापूर-कोपरगांव भागांतून जाणारा समृद्धी महामार्ग आतां येवलेकरांना हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्यावर मोटारींना ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. तेथें ताशीं साठ-सत्तरनें जाणारी गाडी मागून येणाऱ्यांच्या अंदाजांत बसत नाहीं. अशा मार्गावर किंवा राष्ट्रीय महामार्गावर चाक बसलें, तर स्वतः खटाटोप करण्याआधीं मदत मागविणें श्रेयस्कर. राष्ट्रीय महामार्गांवर त्यासाठीं १०३३ हा क्रमांक आहे, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर ११२ हा कोठूनही लावतां येतो.

या साऱ्या काळजीवर पाणी फिरविणारी एक गोष्ट म्हणजे पांचव्या चाकांतच हवा नसणें. चार चाकांची हवा पेट्रोलपंपावर तपासली जाते. पांचवें डिकींत, सतरंजीखालीं आणि सामानाखालीं दडलेलें असतें, म्हणून त्याची कोणी विचारपूस करीत नाहीं. हवा तर बसल्या जागींही हळूहळू उतरते. शिवाय ‘टी’ अक्षराच्या अरुंद टायराला नेहमींच्या टायरापेक्षां कितीतरी अधिक दाब लागतो. मोटारीच्या साध्या टायरांत दर चौरस इंचास तीस ते छत्तीस पौंड हवा भरतात. या अरुंद टायरांत बहुधा साठ पौंड. आंकडा टायरच्या बगलेवरच असतो. पंपावरील मुलाला नुसतें ‘स्टेपनी भर’ म्हटलें तर तो इतर चारांप्रमाणेंच तीस-बत्तीस भरून मोकळा होईल, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. आंकडा मालकानेंच सांगावयास हवा. अर्ध्या हवेचा अरुंद टायर भाराखालीं दबतो, तापतो आणि फाटतो.

वयाचीही तीच गोष्ट आहे. न वापरलेला टायर नवा राहतो, हा समज चुकीचा आहे. रबर पडून राहिल्यानेंही कडक होतें आणि त्याला बारीक चिरा पडतात. टायरच्या बगलेवर शेवटीं चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षें झालेला टायर, वरून कितीही चांगला दिसला तरी, बदलावा असें अनेक टायर-कारखानदार सांगतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें हा आंकडा अवश्य पाहावा; चार टायर नवे घातलेले असतात, आणि पांचवा गाडीच्या जन्मापासूनचा असतो.

कांहीं नव्या गाड्यांत पांचवें चाक मुळींच नसतें. २०२० सालच्या जुलैंत केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या मोटारींत टायरमधील दाब दाखविणारी यंत्रणा आणि पंक्चर-दुरुस्तीचा संच दिलेला असेल, त्यांना जादा चाकाची सक्ति तिनें राहूं दिली नाहीं. या संचांत भोंक बुजविणारा चिकट द्रव आणि हवेचा छोटा पंप असतो. तळव्याला गेलेल्या खिळ्यापुरता तो उपयोगी पडतो. बगल फाटली असेल तर निरुपयोगी ठरतो. आणि त्यानें बुजविलेला टायरही तात्पुरताच असतो; त्याच्याही वेगावर मर्यादा असते, आणि त्याचाही मुक्काम जवळचें दुकान हाच. ट्यूबविरहित टायरांत खिळा रुतून हवा सावकाश जात असेल, तर तो खिळा रस्त्यावर उपटूं नये; तोच भोंक बंद धरून असतो. हवा भरून घेऊन हळूहळू दुकान गांठतां आलें, तर जॅक काढण्याचीही गरज पडत नाहीं.

येवल्यास परतल्यावर टायर दुरुस्त होण्यासारखा नाहीं, असें कारागिरानें सांगितलें तर काय? बगल चिरलेल्या टायराला ठिगळ लावून द्या, असा आग्रह त्याच्यापाशीं धरूं नये. त्या मापाचा टायर मिळाला तर घ्यावा. न मिळाला तर गाडी रात्रभर तेथेंच ठेवावी. येवल्याहून नाशिकला एस. टी. आहे, गांवाला स्वतःचें रेल्वे स्टेशन आहे, आणि मनमाडचें मोठें जंक्शन पाऊण तासाच्या आंत गांठतां येतें. आजी व मुलें पैठणी घेऊन पुढें जातील. गाडी दुसऱ्या दिवशीं येईल. लग्नघराला माणसें आणि वस्त्र वेळेवर हवें असतें. गाडी दारांत त्याच रात्रीं उभी असलीच पाहिजे, असें कोणतेंही मुहूर्त-पत्रक सांगत नाहीं.

दुरुस्त झालेलें मूळ चाक जागेवर बसलें, कीं तात्पुरतें चाक पुन्हां डिकींत जातें, आणि तेथेंच तें विसरण्याचा दुसरा फेरा सुरू होतो. तो टाळण्यास घरीं एक दिवस नेमून ठेवणें पुरेसें आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं डिकी उघडावी. पांचव्या चाकाचा दाब पाहावा. जॅक, पाना, फळी, त्रिकोण आणि विजेरी जागच्या जागीं आहेत ना, तें पाहावें. नटाला विशेष किल्ली असेल तर ती कोठें आहे, हें घरांतील प्रत्येक गाडी चालविणाऱ्यास ठाऊक असावें. वर्षांतून एकदां घरासमोरच, दिवसाउजेडीं, एक चाक काढून पुन्हां बसवून पाहावें. त्या कामांत घरांतील मुलींनाही हात घालूं द्यावा. कारण विंचूरच्या अलीकडे चाक बसेल तेव्हां गाडी कोणाच्या हातीं असेल, हें आधीं कोणालाच सांगतां येत नाहीं.